ऐनवेळचे विषय

निवडणुकीच्या निकालाचा तक्ता मी हल्ली खालून वर वाचते. वर मोठे पक्ष, त्यांचे रंग, त्यांची चिन्हं, आणि अगदी तळाला राखाडी रंगात एक ओळ: ‘अपक्ष व इतर’. ज्यांना कुठे बसवायचं हे ठरत नाही, त्यांची ही ओळ. सकाळी तिच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. दुपारनंतर वरच्या आकड्यांची बेरीज बहुमताला दोन-चारने कमी पडायला लागली, की निवेदकांचा सूर बदलतो. संध्याकाळपर्यंत त्या ओळीतल्या एकेकाचं नाव, जुना पक्ष, कुणाशी बिनसलं, कुणी तिकीट कापलं, सगळा इतिहास बाहेर येतो. दुसऱ्या दिवशीचा मथळा ठरलेलाच असतो : अपक्षांचा भाव वधारला.

या व्यवहारासाठी आपल्या भाषेत जेवढे म्हणून शब्द आहेत, ते सगळे बाजारातूनच आलेत. भाव, बोली, सौदा, गळाला लागणं, घोडेबाजार. सभ्य म्हणावा असा ‘पाठिंबा’ हा एकच, आणि त्यालाही ‘बाहेरून’ हे विशेषण लावून आपण दाराबाहेर उभं करतो. मीही बरीच वर्षं असंच समजत होते : अपक्ष म्हणजे विकला जाणारा, सरकार म्हणजे विकत घेणारं, आणि मतदार म्हणजे ज्याच्या खिशातून पैसे जातात तो. हे चित्र खोटं आहे असं मला आजही म्हणायचं नाही. पण 1982 साली डब्लिनमध्ये घडलेला एक प्रकार वाचनात आला आणि त्या चित्राचा एक कोपरा फाटला.

त्या वर्षी फेब्रुवारीत आयर्लंडमध्ये निवडणूक झाली. सभागृह 166 जणांचं. चार्ल्स हॉही यांच्या फिआना फॉल पक्षाला 81 जागा मिळाल्या. सत्ता हाताच्या अंतरावर, पण हात पोचत नव्हता. तळाच्या ओळीत टोनी ग्रेगरी नावाचा एक तरुण शिक्षक पहिल्यांदाच निवडून आला होता. डब्लिनच्या उत्तरेकडच्या जुन्या, दाटीच्या वस्तीतला. ही वस्ती गोदीवर जगलेली. बोटींवरचा माल माणसांच्या खांद्यांवरून उतरायचा तोवर तिथे काम होतं. कंटेनर आले आणि खांदे रिकामे झाले. पडकी घरं, बेकारी, आणि त्याच सुमारास गल्लीत शिरलेलं हेरॉइन. हा माणूस सभागृहात टाय न लावता गेला, आणि त्या काळात एवढीही गोष्ट बातमी व्हायला पुरेशी होती.

हॉही त्याला भेटायला स्वतः त्याच्या वस्तीतल्या कार्यालयात गेले. ‘मला काय हवंय ते तुम्हाला ठाऊक आहे, तुम्हाला काय हवंय?’ अशी त्यांनी सुरुवात केल्याचं सांगतात. मावळते पंतप्रधान गॅरेट फिट्झजेराल्डही बोलणी करून गेले. म्हणजे गिऱ्हाइकं दोन होती आणि माल एकच. इथवरची गोष्ट आपल्याला पाठ आहे. पुढे काय व्हायला हवं, तेही पाठ आहे : एखादं मंत्रिपद, एखादं महामंडळ, एखाद्या गुन्ह्याची फाइल थंडावणं.

ग्रेगरी यांनी यादी काढली. स्वतःसाठी काही नाही. मतदारसंघात 440 नवी घरं, बाकीच्या डब्लिनमध्ये आणखी 1,600. वस्तीतल्या माणसांसाठी ठरावीक संख्येनं नोकऱ्या. बंदराच्या ताब्यातली 27 एकरांची जागा सरकारनं घ्यावी. सर्व निवृत्तिवेतनधारकांना मोफत औषधोपचाराचं कार्ड. बंद पडलेली क्लोन्डाल्किनची कागद गिरणी सरकारनं चालवावी. गंमत म्हणजे ही गिरणी त्यांच्या मतदारसंघात नव्हतीच. हे सगळं टंकलिखित झालं, त्यावर हॉहींची सही झाली, आणि साक्षीदार म्हणून मिकी मलन या कामगार पुढाऱ्यानं सही केली. जमिनीच्या खरेदीखताला असतो तसा साक्षीदार! सही झाल्यावर हॉही म्हणाले म्हणे, ‘माफियावाले म्हणतात तसं, तुमच्याशी धंदा करताना आनंद झाला.’

9 मार्चला पंतप्रधानपदाच्या मतदानाच्या वेळी ग्रेगरी उभे राहिले आणि त्यांनी त्या कराराची कलमं सभागृहात वाचून दाखवली. मी मत देतोय, आणि या बदल्यात देतोय. हॉही 86 विरुद्ध 79 मतांनी पंतप्रधान झाले. त्या दिवशीचं कामकाज कुणालाही आजही उघडून वाचता येतं. मी वाचलं. सौदा वाचून दाखवणारा माणूस मला नवीन होता. आपल्याकडे सौदा ‘कळतो’; सूत्रांकडून कळतो, पुढच्या आठवड्यात कळतो, दहा वर्षांनी कुणाच्या आत्मचरित्रात कळतो. वाचून कुणी दाखवत नाही.

त्या कराराचं पुढे काय झालं, हेही सांगायला हवं, नाहीतर ही गोष्ट बोधकथा होईल. हॉहींचं सरकार त्याच वर्षी नोव्हेंबरात पडलं. नवं सरकार विरोधकांचं आलं. दुसऱ्याच्या सहीखालची यादी त्यांनी का पुरी करावी? बरीच आश्वासनं कागदावर राहिली. ज्या गोदीच्या परिसरात लोकांसाठी काही व्हावं असं ग्रेगरींना वाटत होतं, तिथे पुढे काचेच्या इमारतींचं आंतरराष्ट्रीय वित्तीय केंद्र उभं राहिलं, तेही पुन्हा सत्तेवर आलेल्या हॉहींच्याच काळात. ग्रेगरी मात्र 2009 च्या जानेवारीत मरेपर्यंत त्या मतदारसंघातून निवडून येत राहिले. घरं पुरी मिळाली नाहीत, तरी लोकांनी माणूस बदलला नाही. यादी वाचताना त्यांनी ती ऐकली होती, त्यामुळे काय आलं नाही आणि कुणामुळे आलं नाही याचा हिशेब त्यांच्याकडे होता, असं मला वाटतं.

तेव्हाही टीका झालीच, आणि ती मला अजून टोचते. शेजारच्या मतदारसंघात गरिबी कमी होती का? तिथल्या माणसानं पक्षाचा उमेदवार निवडून दिला, पक्षशिस्तीत मत दिलं, आणि त्याच्या वाट्याला काही नाही. आणि पलीकडच्या गल्लीचा प्रतिनिधी योगायोगानं काट्याच्या जागेवर उभा होता म्हणून तिला घरं. गरजेचा आणि गणिताचा इथे काही संबंध नाही. ग्रेगरींच्या वस्तीची गरज खरी होती, पण तिला पैसा मिळाला तो गरज होती म्हणून नाही, अध्यक्ष सोडून उरलेल्या 165 जणांत 81 अधिक काहीतरी बरोबर 83 करायचे होते म्हणून. यावर मला आजवर पटेल असं उत्तर सापडलेलं नाही. फार तर एवढं म्हणता येईल, की पक्षाच्या बहुमतातही निधी गरजेनुसार वाटला जातो असं कुठे आहे? तिथे सौदा चार भिंतींच्या आत होतो एवढंच. पण दुसऱ्याचं घर गळतं म्हणून आपलं कोरडं ठरत नाही.

गळतीवरून आठवलं. एकेकाळी मी स्वतः त्या तळाच्या ओळीत होते.

आमच्या सोसायटीच्या कमिटीत सात जण. मला महिला प्रतिनिधी म्हणून घेतलं होतं. नियमात जागा होती आणि ती भरायची होती. दोन वर्षं मी चहाचे कप मोजण्यापलीकडे काही केलं नाही. मग एक वर्ष असं आलं, की शिल्लक रक्कम इमारतीच्या रंगावर घालायची की गच्चीच्या वॉटरप्रूफिंगवर, यावरून कमिटी उभी फुटली. तीन रंगाचे, तीन गच्चीचे. सभेच्या आदल्या संध्याकाळी दोन्हीकडचे लोक आमच्या घरी येऊन गेले. आयुष्यात पहिल्यांदा मला विचारलं गेलं, ‘ताई, तुमचं काय म्हणणं आहे?’

माझं म्हणणं होतं, आणि ते रंग किंवा गच्ची यांच्याबद्दल नव्हतं. इमारतीच्या दाराशी चार पायऱ्या होत्या. व्हीलचेअर वर न्यायची तर दोघांनी उचलावी लागे. उतार करा, असं मी दोनदा सुचवलं होतं, दोन्ही वेळा ‘बघू’ झालं होतं. रंगवाल्यांचे सेक्रेटरी जायला निघाले तेव्हा मी जिन्याच्या वळणापर्यंत त्यांच्याबरोबर गेले आणि हळूच म्हणाले, ‘उतार आणि त्याला कठडा. एवढं करत असाल तर माझं मत तुम्हाला.’ ते क्षणभर थांबले, हसले, ‘झालं समजा ताई’ म्हणाले. दुसऱ्या दिवशी रंग मंजूर झाला.

उतार महिन्याभरात झाला. कठडा पुढच्या बिलात करू म्हणाले. पुढचं बिल यायच्या आत कमिटी बदलली, आणि नव्या लोकांना तसं काही ठरल्याचं ठाऊकच नव्हतं. ठाऊक असणार तरी कसं? पण मला लागलं ते वेगळंच. इमारतीत तेव्हा चार घरांत म्हातारी माणसं होती. त्यांतलं एक घर आमचं होतं, आणि व्हीलचेअर माझ्या आईची होती. त्यामुळे उतार झाला तेव्हा ‘सोसायटीनं उतार केला’ असं कुणी म्हटलं नाही. ‘हिनं आईसाठी करून घेतला’ असंच म्हणाले. खोटं होतं का? अर्ध खोटं होतं. तेच शब्द मी सभेत, सगळ्यांसमोर बोलले असते तर बाकीच्या तीन घरांनी माना हलवल्या असत्या. मी ते जिन्याच्या वळणावर बोलले.

त्या वळणावर मला समजलं ते असं, की मागणी सार्वजनिक आहे की खासगी हे तिच्यातल्या मजकुरानं पुरतं ठरत नाही. ती कुठे उभं राहून केली, यानंही ठरतं.

ऑस्ट्रेलियात 2010 च्या निवडणुकीत दोन्ही मोठ्या आघाड्या बहुमताच्या 76 च्या आकड्याअलीकडे अडकल्या. सतरा दिवस देशाला सरकार कोणाचं हे माहीत नव्हतं. मध्ये उभे होते मुख्यतः चार अपक्ष. त्यांतल्या तिघांनी पहिली मागणी केली ती पैशांची नव्हती. दोन्ही बाजूंनी निवडणुकीत जी आश्वासनं दिली त्यांचा खर्च वित्त खात्यानं तपासावा आणि तो आम्हाला दाखवावा, अशी होती. तपासणीत विरोधी आघाडीच्या हिशेबात अब्जावधी डॉलरचं भगदाड निघालं. सौद्याच्या आधी दोन्ही दुकानांच्या वह्या तपासणारी गिऱ्हाइकं मी तरी दुसरीकडे पाहिली नाहीत. चौघांतले चौथे, अँड्र्यू विल्की, यांची गोष्ट तर फारच विचित्र आहे. विरोधी नेते टोनी ॲबट यांनी होबार्टच्या रुग्णालयासाठी एक अब्ज डॉलर देऊ केले. विल्कींनी ते नाकारले आणि पंतप्रधान जुलिया गिलार्ड यांच्याकडून 34 कोटी घेतले. एवढा मोठा आकडा इतक्या सहज हातावर ठेवला जातो, याचीच त्यांना शंका आली. सौद्यात जास्त पैसे नाकारणारा माणूस मूर्ख की शहाणा, हे मला ठरवता येत नाही. पण त्याला सौदा समजला होता, एवढं नक्की.

तरीही तो फसला. जुगाराच्या यंत्रांवर माणसानं आपली हरण्याची मर्यादा आधीच ठरवून ठेवावी, असा कायदा करण्याचं वचन त्यांनी लिहून घेतलं होतं. 2011 च्या नोव्हेंबरात विरोधी आघाडीचे पीटर स्लिपर सभागृहाचे अध्यक्ष झाले, सरकारचा माणूस अध्यक्षाच्या खुर्चीतून मोकळा झाला आणि सरकारच्या बाजूला एक मत वाढलं. दोन महिन्यांत, जानेवारी 2012 मध्ये, ते वचन मोडलं गेलं. विल्कींनी पाठिंबा काढला. सरकार पडलं नाही. म्हणजे अपक्षाच्या हातातल्या कागदाची मुदत कागदावर लिहिलेली नसतेच, ती सभागृहातल्या बेरजेवर लिहिलेली असते. बेरीज बदलली की सही तशीच राहते, शाई उडते.

त्या चौघांत टोनी विंडसर होते. या गृहस्थांनी हा खेळ आधीही पाहिला होता. 1991 मध्ये न्यू साउथ वेल्सच्या विधानसभेत निक ग्रायनर यांचं सरकार काठावर आलं तेव्हा विंडसर तिथे अपक्ष होते. पण मला तिथले दुसरे तिघे जास्त आवडतात : जॉन हॅटन, क्लोव्हर मूर, पीटर मॅकडोनल्ड. त्यांनी सरकारशी लेखी करार केला आणि त्यात पूल, रस्ते, रुग्णालयं असं बहुतेक काही मागितलंच नाही. मागितली ती सभागृहाची ठरावीक चार वर्षांची मुदत, माहिती मिळण्याचे नियम, गैरव्यवहार उघड करणाऱ्यांना संरक्षण. सगळ्या राज्याला सारख्याच मिळतील अशा गोष्टी. शेजारच्या मतदारसंघाच्या प्रश्नावर कुणी उत्तर शोधलं असेल तर ते या तिघांनी.

पुढच्याच वर्षी कमाल झाली. टेरी मेथरेल नावाचे एक माजी मंत्री पक्ष सोडून अपक्ष झाले होते. सरकारनं त्यांना एक नोकरी दिली. त्यांनी राजीनामा दिला, जागा रिकामी झाली आणि पोटनिवडणुकीत ती पक्षाला परत मिळण्याचा रस्ता उघडला. अपक्षाशी केलेला हाही सौदाच, फक्त उलट बाजूचा : मत द्यायला नाही, मतासकट निघून जायला. भ्रष्टाचारविरोधी आयोगानं ताशेरे ओढले. हा आयोग ग्रायनर यांनीच 1988 मध्ये स्थापन केला होता. त्या तीन अपक्षांनी सांगितलं, तुम्ही गेलात तर सरकार राहील, तुम्ही राहिलात तर सरकार जाईल. जून 1992 मध्ये ग्रायनर गेले. पुढे न्यायालयानं आयोगाचा निष्कर्ष चुकीचा ठरवला, तोवर खुर्चीत दुसरा माणूस बसला होता. अपक्ष चुकले का? कायद्याच्या भाषेत असेल. पण पाठिंब्याच्या बदल्यात आपण काय मागितलं होतं, हे त्यांच्या लक्षात होतं, आणि ते त्यांनी समोरच्यालाही विसरू दिलं नाही.

आता आपल्याकडे.

‘आया राम, गया राम’ हा वाक्प्रचार ज्यांच्यामुळे रूढ झाला ते हरियाणाचे गया लाल 1967 मध्ये अपक्ष म्हणूनच निवडून आले होते, हे बरेचदा विसरलं जातं. पुढे पंधरा दिवसांत त्यांनी तीनदा पक्ष बदलला. अशा प्रकारांना आवर घालायला 1985 मध्ये घटनेत दहावं परिशिष्ट आलं. पक्षाच्या आमदारानं पक्ष सोडला तर अपात्र, हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्यात अपक्षासाठीही एक वाक्य आहे : निवडून आल्यावर तो कुठल्याही पक्षात गेला, तर तोही अपात्र. नियुक्त सदस्याला निदान सहा महिने मिळतात, अपक्षाला एक दिवसही नाही. त्याला लोकांनी ‘कुणाचाही नाही’ म्हणून निवडलं, तेव्हा त्यानं मुदत संपेपर्यंत कुणाचंही न होता राहावं, असा त्यामागचा विचार.

विचार सुंदर आहे. पण पक्षात जायचं नाही असं म्हणणाऱ्या त्या वाक्यात मंत्रिमंडळात जायचं नाही असं कुठे म्हटलंय? 2008 मध्ये कर्नाटकात भाजपला 224 पैकी 110 जागा मिळाल्या, तीन कमी पडल्या. सहा अपक्ष निवडून आले होते, त्यांतले पाच मंत्री झाले. 2010 मध्ये त्यांनी पाठिंबा काढला तेव्हा अध्यक्षांनी त्यांना अपात्र ठरवलं, तुम्ही पक्षातच सामील झाला होतात म्हणून. 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निर्णय रद्द केला : सरकारला पाठिंबा देणं, त्यात मंत्री होणं, म्हणजे पक्षात जाणं नव्हे. त्याआधी हरियाणातल्या काही अपक्षांना 2004 मध्ये अपात्र ठरवलं गेलं होतं आणि तो निर्णय मात्र टिकला, कारण पक्षात गेल्याचं त्यांनी टीव्हीच्या कॅमेऱ्यासमोर सांगितलं होतं. चित्रफितीच पुरावा ठरल्या. निष्कर्ष काय काढायचा तो ज्याचा त्यानं काढावा. मला एवढंच दिसतं, की आपल्याकडे मंत्रिपद घेऊन मौन पाळणारा वाचतो आणि बोलून दाखवणारा अडकतो.

मौनाचा कळस झारखंडमध्ये झाला. 81 जणांच्या विधानसभेत मधू कोडा अपक्ष म्हणून निवडून आले, आधी एका सरकारात मंत्री झाले, ते सरकार पाडलं आणि सप्टेंबर 2006 मध्ये स्वतःच मुख्यमंत्री झाले. मागे पक्ष नाही, आमदार म्हणावा तर स्वतःचा एकच, आणि दोन वर्षांच्या आसपास खुर्चीत. इथे तर विकत घेणारा आणि विकला जाणारा यांत फरकच उरला नाही. पुढे कोळसा खाणीच्या वाटपाच्या प्रकरणात 2017 मध्ये ते दोषी ठरले.

महाराष्ट्राची 1995 ची गोष्ट मात्र इतकी सरळ नाही. 288 जणांच्या सभागृहात शिवसेना-भाजप युतीला 138 जागा, काँग्रेसला 80, आणि अपक्ष तब्बल 45. त्यातले बरेचसे काँग्रेसचेच बंडखोर, साखर कारखाने आणि ऊसवाल्या भागातले. मनोहर जोशी यांचं सरकार त्यांच्या आधारावर उभं राहिलं आणि काही अपक्ष मंत्री झाले. पण त्या काळात आणखी एक गोष्ट घडली. कृष्णेच्या पाण्याचा महाराष्ट्राचा वाटा लवादानं 560 टीएमसी ठरवला होता, मे 2000 नंतर त्या निवाड्याचा फेरविचार होऊ शकत होता, आणि तो वाटा वापरात आणणारी धरणं तर अर्धवट. 1996 मध्ये कृष्णा खोरे विकास महामंडळ झालं, कर्जरोखे काढून पैसा उभा केला गेला, मग विदर्भ, तापी, कोकण, मराठवाडा यांचीही महामंडळं आली. अपक्षांच्या दबावाचा यात मोठा वाटा होता, असं त्या काळाबद्दल बोलणारे लोक आजही सांगतात. एकाच वेळी खूप कामं काढली, पैसा पातळ झाला, कालवे रखडले, आणि सिंचनाच्या खर्चावरून पुढे किती रान पेटलं तेही आपण पाहिलं. पण पाणी मागणं ही लाच नव्हती. तीही एक यादीच होती. फरक इतकाच, की सभागृहात उभं राहून, ‘माझं मत या यादीवर आहे’ असं म्हणत ती कुणी वाचली नाही. त्यामुळे कुणाचा आग्रह पाण्याचा होता, कुणाचा कंत्राटाचा आणि कुणाचा लाल दिव्याचा, हे वेगळं काढायला आता कुठलाच कागद नाही.

पैशांची पाकिटं घेणाऱ्यांबद्दल फार बोलायचं कारण नाही. ते सरळ गुन्ह्याचं प्रकरण आहे. तरी आपल्या कायद्याचा एक वळसा सांगितल्याशिवाय राहवत नाही. 1993 च्या अविश्वास ठरावाच्या वेळच्या लाच प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं 1998 मध्ये बहुमतानं असं ठरवलं होतं, की लाच घेऊन सभागृहात मत देणाऱ्या खासदाराला घटनेचं संरक्षण आहे. लाच घेऊन मत न देणाऱ्याला नाही. म्हणजे बेइमानीतही शब्द पाळला तर सुटका! मार्च 2024 मध्ये सात न्यायमूर्तींच्या पीठानं तो निकाल फिरवला. मध्ये सव्वीस वर्षं गेली.

या सगळ्यात मला पुन्हा पुन्हा आठवतो तो फ्रँक मॅग्वायर. उत्तर आयर्लंडमधून ब्रिटिश संसदेवर निवडून आलेला अपक्ष, एका पबचा मालक. लंडनला तो क्वचितच जायचा. 28 मार्च 1979 च्या रात्री जेम्स कॅलहन यांच्या सरकारवर अविश्वास ठराव होता आणि एकेक मत शोधलं जात होतं. मॅग्वायर यांना आणण्यासाठी खटपट झाली. ते आले. आणि आपण ‘तटस्थ राहण्यासाठी जातीनं हजर झालोय’ असं सांगून त्यांनी मत दिलंच नाही. सरकार 311 विरुद्ध 310 असं एका मतानं पडलं आणि मार्गारेट थॅचर यांचा रस्ता मोकळा झाला. या माणसाला काय हवं होतं, हे त्या रात्री कुणालाच देऊ करता आलं नाही. मी कधी त्यांच्यावर चिडते. घरी बसला असता तरी हेच झालं असतं, मग एवढा प्रवास कशाला? आणि कधी वाटतं, त्यांनीही ग्रेगरींसारखंच केलं. आपलं उत्तर चारचौघांत येऊन दिलं. त्यांचं उत्तर ‘नाही’ होतं, एवढंच.

मागच्या महिन्यात सोसायटीच्या जुन्या कागदांत एक पाणीपट्टीची पावती शोधत होते. आई जाऊन आता बरीच वर्षं झाली. उतार अजून आहे. कुरिअरवाले त्यावरून गाड्या चढवतात, पावसाळ्यात तो निसरडा होतो, कठडा नाहीच. पावती सापडली नाही, पण त्या वर्षीचं इतिवृत्ताचं रजिस्टर हाताला लागलं. ती सभा शोधली. सेक्रेटरींचं वळणदार अक्षर. उपस्थिती सात. ‘इमारतीच्या बाह्य रंगकामाचा ठराव चार विरुद्ध तीन मतांनी मंजूर.’ खाली सूचक, अनुमोदक. अनुमोदक म्हणून माझं नाव. त्याखाली, पानाच्या तळाला, शेवटची ओळ :

‘ऐनवेळचे विषय : नाहीत.’